हाय व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर घरी गुंडाळताना: टेप निवडण्याआधी हवा कुठे आहे ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. फेराइट कोअरवर 30 किलोहर्ट्झला चालणारा, 10 केव्ही (किलोव्होल्ट) शिखर व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर गुंडाळला. सेकंडरीचे (आउटपुटच्या वाइंडिंगचे) 1000 वेढे 5 थरांत, आणि दर दोन थरांमध्ये पीव्हीसी टेपच्या दोन घड्या. चारेक मिनिटं मस्त चालला, मग उग्र वास आला आणि आउटपुट गेलं. टेपची जाडी तिच्या केव्ही प्रति मिमीच्या आकड्याने (दर मिमी जाडीला किती केव्ही सोसते त्याने) गुणली तर तिने कितीतरी जास्त व्होल्टेज सोसायला हवं होतं, मग ती फुटली कशी? आणि पुढे मेन्सवरचा, 50 हर्ट्झचा 5 केव्हीचा ट्रान्सफॉर्मर करायचा आहे, तर सगळ्यात जास्त केव्ही प्रति मिमी असलेला पदार्थ कोणता?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही: तो आकडा बघून पदार्थ निवडायचाच नसतो. पहिल्याचं उत्तर असं की टेप आधी फुटलीच नाही. टेपच्या आजूबाजूला अडकलेली हवा आधी फुटली आणि तिने टेप खाल्ली.

डेटाशीटमधला आकडा कसा निघतो ते आधी सांगतो. फिल्मचा एक छोटा तुकडा दोन गुळगुळीत इलेक्ट्रोडमध्ये धरतात, व्होल्टेज काही सेकंदांत चढवत नेतात आणि फुटला की आकडा लिहितात. 25 मायक्रॉनची पॉलिएस्टर फिल्म अशा चाचणीत 7 केव्हीच्या आसपास टिकते. हे ऐकून कुणालाही वाटेल की दहापट जाड फिल्म 70 केव्ही घेईल. घेत नाही. जाडी वाढते तशी प्रति मिमी ताकद घटते. ढोबळमानाने वर्गमुळाचा हिशेब धरा, म्हणजे जाडी दहापट केली की व्होल्टेज तिपटीच्या आसपास जातं. शिवाय ही चाचणी सेकंदांची असते. तुमचा ट्रान्सफॉर्मर तासन्‌तास चालायचा आहे, तारेला गोलाई आहे, टेपला घड्या आहेत, आणि मध्ये हवा आहे.

आता तुमचेच आकडे घेऊ. 10 केव्ही, 5 थर, म्हणजे दर थराला 2 केव्ही. थर एका टोकाकडून दुसरीकडे आणि परत असा गुंडाळला असेल तर जिथे तार वर चढते तिथे दोन थरांत काहीच फरक नसतो, पण उलट्या टोकाला दोन्ही थरांचं मिळून 4 केव्ही येतं. त्या टोकाला तुमच्याकडे टेपच्या दोन घड्या आहेत, साधारण 0.26 मिमी. गोल तारांच्या मधल्या खाचेत टेप बसत नाही, तिथे 0.1 मिमी हवा राहिली असं धरा. पीव्हीसीची सापेक्ष परमिटिव्हिटी (निर्वाताच्या तुलनेत पदार्थ विद्युतक्षेत्र किती पटीने कमी करतो तो आकडा) 4 धरू, हवेची 1. एसीमध्ये व्होल्टेज या दोघांत जाडीच्या प्रमाणात वाटलं जात नाही, परमिटिव्हिटी कमी असणाऱ्याच्या वाट्याला जास्त येतं. 0.26 मिमी टेप म्हणजे हिशेबाला 0.065 मिमी हवाच. एकूण 0.165 मिमीवर 4 केव्ही, म्हणजे हवेत 24 केव्ही प्रति मिमी आणि त्या 0.1 मिमीच्या फटीवर एकट्या 2.4 केव्हीचा भार. 0.1 मिमी हवा 1 केव्हीच्या आसपास फुटते.

इथे लोक म्हणतात, मग टेप दुप्पट लावू. करून बघा हिशेब: चार घड्या लावल्या तर फटीवर 1.7 केव्ही, आठ लावल्या तरी 1.1 केव्ही. आठ घड्या लावून वाइंडिंगचा भोपळा झाला आणि फट अजून फुटतेच आहे.

फट फुटली म्हणजे लगेच शॉर्ट होत नाही, कारण टेप अजून शाबूत असते. फटीत एक बारीक ठिणगी पडते आणि विझते. याला पार्शल डिस्चार्ज म्हणतात, बोलताना करोना (हा साथीच्या कितीतरी आधीपासूनचा). दर ठिणगीत ओझोन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात, पृष्ठभागावर कणाकणाने खड्डा पडतो, मग खड्ड्यात कार्बन साठतो आणि त्या कार्बनची वाट हळूहळू आरपार जाते. 50 हर्ट्झला दर अर्ध्या सायकलला एक ठिणगी धरली तर सेकंदाला 100 होतात. 30 किलोहर्ट्झला 60,000. म्हणजे मेन्सवर जी झीज व्हायला महिना लागेल ती तुमच्याकडे तासा-सव्वा तासात होते. त्यातून पीव्हीसीचा डायइलेक्ट्रिक लॉस (बदलत्या व्होल्टेजमुळे पदार्थातच उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा) मोठा असतो, एवढ्या फ्रीक्वेन्सीला टेप आतूनही तापते, मऊ पडते आणि तार तिच्यात रुतते. चार मिनिटं चालला हेच खूप झालं.

यातून सुटायच्या वाटा दोनच आहेत. एक, शेजारच्या दोन तारांमधलं व्होल्टेज इतकं कमी ठेवायचं की हवा असली तरी फुटणार नाही. दोन, हवा काढून तिच्या जागी दुसरं काहीतरी भरायचं. पदार्थाची निवड या दोन्हींनंतर येते.

पहिली वाट फुकटची आहे आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीड्रिख पाशेन यांनी 1889 मध्ये दाखवून दिलं की वायू फुटायचं व्होल्टेज दाब आणि अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं, आणि त्याला एक तळ असतो. हवेसाठी हा तळ 330 व्होल्टच्या जवळपास आहे. फट कितीही छोटी किंवा मोठी करा, त्याखाली ती पेटत नाही. म्हणून माझा पहिला नियम: वाइंडिंगच्या आत एकमेकींना लागणाऱ्या कुठल्याही दोन तारांमध्ये शिखर व्होल्टेज 300 च्या खाली.

तुमच्या फेराइटवाल्यात हे थरांनी जमणार नाही, खणांनी जमेल. सेकंडरीसाठी 10 खणांचा बॉबिन (तार गुंडाळायची, आडव्या भिंतींनी भाग पाडलेली रीळ) करा, दर खणात 100 वेढे. खण इतका अरुंद ठेवा की एका थरात 10 च वेढे बसतील. मग दर खणात 1 केव्ही, खणातल्या दर थराला 100 व्होल्ट, आणि शेजारच्या दोन थरांत जास्तीत जास्त 200. खणाच्या आत कसलीही टेप लागत नाही, तारेवरचा इन्सुलेशनचा लेप, म्हणजे इनॅमल, पुरतं. एकोणिसाव्या शतकात मोठ्या इंडक्शन कॉइल बनवणाऱ्यांनी हेच केलं होतं: सेकंडरीच्या पातळ चकत्या वेगवेगळ्या गुंडाळायच्या, मेणात बुडवायच्या आणि कागदाच्या चकत्या मध्ये घालून रचायच्या.

खणांच्या बॉबिनमध्ये एकच जागा दगाबाज असते. एका खणातून भरून वर आलेली तार पुढच्या खणाच्या तळाशी जाते, आणि जाताना भिंतीला चिकटून खाली उतरते. पुढचा खण भरत गेला की शेवटचे वेढे, म्हणजे त्या खणाचं पूर्ण 1 केव्ही जास्त असलेले, बरोबर तिच्या अंगावर येऊन बसतात. मधे फक्त इनॅमल. माझे दोन बॉबिन या एकाच जागी गेले, दोन्ही वेळा तिसऱ्या-चौथ्या खणात. आता मी भिंतीत तिरकी चीर पाडतो, उतरणारी तार त्या चिरेत पूर्ण आत बसवतो आणि वरून पॉलिएस्टर टेपची अरुंद पट्टी लावतो, मगच पुढचा खण सुरू करतो.

50 हर्ट्झवाल्याचं गणित वेगळं आणि खरं तर सोपं आहे. कोअरचा छेद 10 चौरस सेमी आणि चुंबकीय फ्लक्सची घनता 1.2 टेस्ला धरली तर दर वेढ्याला 0.27 व्होल्ट. 5 केव्हीला सुमारे 18,800 वेढे. बारीक तारेचे एका थरात 300 वेढे बसले तर थराला 80 व्होल्ट, दोन थरांत कमाल 160, शिखर धरलं तरी 226. पाशेनच्या 330 व्होल्टच्या तळाच्या खालीच आहात. म्हणजे थराथरात भारी फिल्म लावायची गरज नाही; 50 मायक्रॉनचा चांगला कागद पुरतो. त्या कागदाचं काम विजेपेक्षा सुताराचं जास्त आहे: खालचा थर सपाट ठेवायचा आणि वरची तार खालच्या थरांत घसरू द्यायची नाही.

घसरणं, हाच खरा शत्रू. थराच्या कडेला शेवटचा वेढा निसटून चार-पाच थर खाली जाऊन बसला की 160 व्होल्टचा हिशेब गेला. म्हणून दोन्ही कडांना किमान 4 मिमी मोकळी सोडायची, कागद मात्र पूर्ण रुंदीचा, आणि वर चढत जाताना दर दहा-पंधरा थरांनी कडेची मोकळी जागा थोडी वाढवत न्यायची. बारीक तारेचे 63 थर हाताने गुंडाळताना संयम संपतो तो चाळिसाव्या थराच्या आसपास, आणि बिघाडही तिथेच निघतो.

वेढ्यांची मोजणी किंवा थराची खूण पेन्सिलीने कागदावर लिहू नका. पेन्सिल म्हणजे ग्रॅफाइट, वीज वाहतं. हाच न्याय काळ्या प्लॅस्टिकला: काळा रंग बरेचदा कार्बन ब्लॅकचा असतो. काळ्या पाइपचा किंवा काळ्या स्लीव्हचा तुकडा हाय व्होल्टेजच्या बाजूला वापरायचाच असेल तर आधी वेगळा तपासून घ्या, नाहीतर पारदर्शक किंवा पांढरा घ्या.

आता दुसरी वाट. आतलं व्होल्टेज आटोक्यात आलं तरी पूर्ण व्होल्टेज कुठेतरी दिसणारच: सेकंडरी आणि प्रायमरी (इनपुटचं वाइंडिंग) यांच्यात, सेकंडरी आणि कोअर यांच्यात, आणि बाहेर येणाऱ्या लीडवर (जोडणीच्या तारेवर). या तीन जागी हवा चालत नाही. तिथे काय भरायचं ते आधी ठरवा. घन पदार्थ त्या भरावाला साजेसा निवडायचा असतो, उलट नाही.

माझी पसंती विचाराल तर तेल, आणि त्यातही साधं खनिज ट्रान्सफॉर्मर तेल. त्याची परमिटिव्हिटी 2.2, म्हणजे घन पदार्थांच्या बरीच जवळ, त्यामुळे फटीवर भार कमी पडतो. ते फटीत शिरतं, उष्णता बाहेर नेतं, आणि एकदा ठिणगी पडली तरी जागा पुन्हा भरून निघते. एपॉक्सीत किंवा मेणात ही क्षमाशीलता नाही. तेलाची चाचणी 2.5 मिमी अंतरावर घेतात. नवं तेल तिथे 30 केव्ही तरी सोसतं, गाळून आणि सुकवून घेतलं तर 70 च्या वर. पण पाण्याचा अंश आणि धूळ, विशेषतः कापसाचे किंवा कागदाचे तंतू, यांनी तेच तेल कितीतरी खाली येतं. डबा कापडाने पुसला आणि दोन तंतू आत राहिले, तर तेच तंतू विद्युतक्षेत्रात उभे राहून पूल बांधतात. हे मी स्वच्छ काचेच्या बरणीत डोळ्यांनी पाहिलंय: एक पांढरा धागा तरंगत आला, दोन टोकांच्या मध्ये आडवा झाला, आणि पुढच्या क्षणी तिथे ठिणगी.

ट्रान्सफॉर्मर तेल मिळत नसेल तर वास आणि रंग न घातलेलं औषधी लिक्विड पॅराफिन चालतं. इंजिन ऑइल नको, त्यात डिटर्जंट आणि इतर मिश्रणं असतात. ब्रेक ऑइल तर पाणी ओढून घेतं. खाण्याचं तेल थोड्या दिवसांच्या प्रयोगाला चालतं, पण हवेशी लागून चिकट होत जातं. भंगारातल्या जुन्या तेलाच्या कपॅसिटरमधलं किंवा ट्रान्सफॉर्मरमधलं तेल मात्र फुकट मिळालं तरी घेऊ नका, ते उघडूही नका: त्यात पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, सर्किट बोर्ड नव्हे) असू शकतं. हे रसायन शरीरात साठतं, आणि 2001 च्या स्टॉकहोम कराराने जगभर त्यावर बंदी घातली आहे.

तेल नुसतं ओतून चालत नाही. कागद दमट हवेत वजनाच्या 6 ते 8 टक्के पाणी धरून बसतो. वाइंडिंग आधी 100 ते 105 अंशांवर पाच-सहा तास भाजा, गरम असतानाच डब्यात ठेवा, आणि शक्य असेल तर व्हॅक्यूम लावून मग तेल आत सोडा. व्हॅक्यूममध्ये तेलातून बुडबुडे उकळल्यासारखे येतात. ते थांबेपर्यंत थांबायचं. मग हवा आत सोडली की तिचा दाबच तेलाला बारीक फटींत ढकलतो. या कामाला जाड स्टीलचं भांडं घ्या. काचेची बरणी आत फुटली तर तुकडे तोंडावर येतात. व्हॅक्यूम पंप नसेल तर 24 तास कोमट तेलात बुडवून ठेवा, अधूनमधून हलवा. थोडी हवा राहील, त्या मानाने व्होल्टेज कमी धरा. डबा काठोकाठ भरू नका: 40 अंशांनी तापलं तर तेल जवळजवळ 3 टक्के फुगतं. आणि तेल पेटतं हे विसरू नका, झाकण धातूचं आणि घट्ट असू द्या.

तेलात काय टिकतं? क्राफ्ट कागद आणि प्रेसबोर्ड (दाबून केलेला पुठ्ठा) उत्तम, कारण ते तेल पितात आणि त्यांच्यात हवा उरत नाही. वाइंडिंगच्या दुकानात लेदरॉइड म्हणून जो जाड कागद मिळतो तोही चालतो, फक्त नीट भाजून घ्या. पॉलिएस्टर फिल्मला तेलाने काही होत नाही, पण ती तेल पीत नाही; नुसत्या फिल्मचे थरावर थर घट्ट गुंडाळले तर मधली हवा कायमची कोंडते. म्हणून फिल्म, कागद, फिल्म, कागद असं रचा. कागद वातीसारखा तेल आत नेतो. प्रायमरी आणि सेकंडरीमध्ये 5 केव्हीसाठी मी असा एकूण 1.5 ते 2 मिमीचा गठ्ठा ठेवतो. एक जाड तुकडा न घेता अनेक पातळ थर घ्यायचे, कारण एखाद्या थरात सुईच्या टोकाएवढं छिद्र असलं तरी पुढच्या थरात ते त्याच जागी येत नाही.

तेलात जे टिकत नाही ते म्हणजे तुमची पीव्हीसी टेप. तिच्यातलं मऊपणा आणणारं द्रव्य तेलात उतरतं, गोंद विरघळतो, आणि आठवड्याभरात तेल पिवळं आणि टेप कडक. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रोपिलीन विजेच्या दृष्टीने सुंदर आहेत, लॉस अगदी कमी, 30 किलोहर्ट्झला तर तेच हवेत. पण गरम खनिज तेलात ती फुगतात, म्हणून तापमान 60 अंशांच्या आत ठेवता येत असेल तरच.

मेण स्वस्त आणि सोपं वाटतं म्हणून बहुतेकांची सुरुवात त्याने होते, माझीही झाली. पहिला ट्रान्सफॉर्मर मी पॅराफिनमध्ये ओतला, वरून गुळगुळीत, आरशासारखा. दुसऱ्या दिवशी दोन मिनिटांत गेला. आडवा कापला तर मधोमध बोटभर पोकळी. पॅराफिन थिजताना आकारमानाने दहाव्या भागाएवढं तरी आक्रसतं. बाहेरचं आधी थिजतं, आतलं नंतर आक्रसतं, आणि पोकळी नेमकी वाइंडिंगच्या अंगावर पडते. ओतायचंच असेल तर भांडं तळाकडून थंड होऊ द्या, वरचं मेण गरम हवेने पातळ ठेवा, म्हणजे खालची जागा वरून भरत राहील. मेण थेट आचेवर वितळवू नका, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून करा. थोडं मधमाश्यांचं मेण मिसळलं तर ठिसूळपणा कमी होतो. 50 अंशांच्या वर जाणाऱ्या कशालाही मेण नको.

एपॉक्सीबद्दल लोकांना फार आशा असते. पाच मिनिटांत वाळणारं एपॉक्सी इथे अगदी निरुपयोगी: घट्ट, बुडबुड्यांनी भरलेलं, आणि जाड ओतलं तर स्वतःच्या उष्णतेने फेसाळतं. सावकाश वाळणारं ओतीव एपॉक्सी घ्या, कोमट करून पातळ करा, व्हॅक्यूममध्ये बुडबुडे काढा, एका बाजूने बारीक धारेने ओता. फेराइटभोवती आधी मऊ टेपचा एक वेढा द्या, नाहीतर आक्रसणारं एपॉक्सी कोअरला तडा देतं. तांबं आणि एपॉक्सी तापल्यावर सारखं फुगत नाहीत, त्यामुळे महिनाभर गरम-थंड झाल्यावर तारेपासून एपॉक्सी सुटून तिथे नवी फट तयार होऊ शकते. आणि बिघडलं तर उघडता येत नाही. व्हॅक्यूम नसेल तर एपॉक्सीच्या वाटेला जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. सिलिकॉन सीलंट वापरणारेही भेटतात. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांब्याला खातं, आणि जाड थर आतून वाळतच नाही.

बाकीच्या पदार्थांचं झटपट सांगतो. पॉलिइमाइडची पिवळसर टेप उष्णतेला अप्रतिम, पण करोनापुढे तीही टिकत नाही. सोन्याच्या भावाची टेप हवेतच ठेवायची असेल तर उपयोग नाही. नळाच्या आट्यांना लावतात ती टेफ्लॉन टेप ताणलेली आणि सच्छिद्र असते, म्हणजे हवाच गुंडाळल्यासारखं. नुसती फायबरग्लासची स्लीव्ह ही जाळी आहे, खरचटण्यापासून वाचवते, व्होल्टेजपासून नाही. या यादीत करोना खरोखर सोसणारा पदार्थ एकच, अभ्रक. मोठ्या हाय व्होल्टेज मोटरमध्ये अभ्रकाची टेप याचसाठी असते, पण बारीक वाइंडिंगला ती बेढब पडते. थ्रीडी प्रिंटरवर छापलेले बॉबिन दिसायला देखणे असतात, पण छपाईच्या रेषांमध्ये हवेच्या बारीक नळ्या राहतात आणि ठिणगी त्याच वाटेने भिंतीतून पलीकडे जाते. छापायचाच असेल तर भिंत पूर्ण भरीव ठेवा आणि तेलात व्हॅक्यूमने भरा. पीएलए, म्हणजे थ्रीडी प्रिंटरचं नेहमीचं प्लॅस्टिक, तर 60 अंशांना मऊ पडतं.

पृष्ठभागावरून पळणाऱ्या ठिणगीचा हिशेब वेगळा. बंद, स्वच्छ, कोरड्या जागेत मी दर केव्हीला 4 मिमी पृष्ठभाग ठेवतो. धूळ किंवा दमटपणा असेल तर 10 मिमी. जागा नसेल तर सपाट भिंतीला आडवे कडे किंवा खाचा द्या, म्हणजे वाट लांब होते. हाताचा घाम आणि सोल्डरचा फ्लक्स शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पण ॲक्रिलिकवर अल्कोहोल नको, त्याला बारीक तडे जातात.

लीडसाठी भरीव पॉलिथिलीनची कोॲक्स केबल घ्या आणि वरचं आवरण व जाळी काढून आतला गाभा वापरा. फेसाळ पॉलिथिलीनची नको, फेस म्हणजे पुन्हा हवा. बारीक तार आणि लीड यांच्या सांध्यावर सोल्डरचं टोक राहू देऊ नका. त्याचा गुळगुळीत मणी करा.

तपासणीचं एक स्वस्त साधन सांगतो: एएम रेडिओ. दोन स्टेशनांच्या मधल्या शांत जागी लावून मीटरभर दूर ठेवा आणि व्होल्टेज पायरीपायरीने चढवा. 50 हर्ट्झवाल्यात करोना सुरू झाला की रेडिओवर चरचर येते, ज्या व्होल्टेजला आली तो आकडा लिहून ठेवा. तो तुमच्या चालवायच्या व्होल्टेजच्या वर असला पाहिजे. 30 किलोहर्ट्झला सर्किटचाच गोंगाट इतका असतो की रेडिओ कामाचा नाही; तिथे पूर्ण अंधार करून दहा मिनिटं डोळे सरावू द्या आणि दुरूनच जांभळी झाक शोधा.

दुरूनच, हे मुद्दाम लिहिलं. 10 चौरस सेमीच्या कोअरमधून 80 व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) धरले तर 5 केव्हीला 16 मिलिअँपिअर येतात, आणि मेन्सच्या फ्रीक्वेन्सीला एवढे जीव घ्यायला पुरतात. चालू असताना हात खिशात, बंद केल्यावर आउटपुट अर्थ केल्याशिवाय स्पर्श नाही, कोअर कायम अर्थला जोडलेला, आणि घरात दुसरं माणूस जागं असताना. मायक्रोवेव्ह ओव्हनमधला ट्रान्सफॉर्मर काढून त्याला इन्सुलेशन वाढवून वापरायचा विचार असेल तर सोडून द्या: त्याच्या सेकंडरीचं एक टोक कोअरलाच जोडलेलं असतं, आणि त्याचा करंट तुमच्या या ट्रान्सफॉर्मरच्या कितीतरी पट आहे.

आता जळालेलं वाइंडिंग टाकून देऊ नका. एकेक थर उलगडा आणि भोक कुठे आहे ते बघा, वेढे मोजत जा. थराच्या टोकाला, जिथे 4 केव्ही होतं तिथे निघालं, तर वरचा सगळा हिशेब तुमच्या बाबतीत खरा ठरला. खणांचा बॉबिन करा. थराच्या मधोमध निघालं तर तार रुतली किंवा टेपमध्ये खडा होता. सगळ्यात आतल्या थराशी, कोअरच्या बाजूला निघालं तर खण करूनही भागणार नाही, बॉबिनची आतली भिंत जाड करून तेलात टाकावं लागेल. भोकाभोवती तारेवर हिरवट पूड दिसली तर करोना बराच वेळ चालू होता. स्वच्छ, काळं, एकच छिद्र असेल तर ती जागा झटक्यात गेली. काय निघालं ते वेढ्यांच्या आकड्यासकट लिहा, मग बॉबिनची मापं ठरवू.